चार वाजता फोन लावून ठेव

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण आधी ऐका.

हदगाव. दोन वर्षांपूर्वीची नागपंचमी. दुपारचे चार.

माझी सिंधुमावशी घरच्या लँडलाईनवर माझ्या आईशी बोलत होती. विषय एकच, भावजयीनं पंचमीला माहेरी बोलावलं नाही. दोघी बहिणींच्या तोंडाची टकळी चाळीस मिनिटं थांबली नाही.

त्याच चाळीस मिनिटांत लातूरहून सत्यम फोन लावत होता.

सत्यम मावशीचा एकुलता एक. डॉक्टरकीच्या क्लाससाठी तिथं होस्टेलात राहायचा. मोबाईलला बंदी, आणि पोराला पाठ होता तो फक्त घरचा नंबर. वॉचमननं पाहिलं, दारातल्या फोनवरून सत्यमनं चारदा लावला. चारदा एंगेज. मग चप्पल घालून बाहेर पडला...

तो परत आलाच नाही.

मावशीनं कपाळ बडवून घेतलं. "मी बोलत बसले गं... माझं लेकरू तिकडं लावून राहिलं होतं!"

तिसऱ्या दिवशी तिनं टेलिफोन ऑफिसात जाऊन कॉल वेटिंग सुरू करून घेतलं. तिथल्या माणसानं समजावलं, "बोलताना मधेच टूं वाजलं की दुसरा फोन आला समजा. हे बटण दाबा. पहिला थांबतो, दुसरा लागतो."

मावशी फोनपाशीच जेवायची. तिथंच पडायची.

अकराव्या दिवशी, चार वाजता, फोन वाजला. लातूरचे हवालदार होते.

"सत्यमच्या आई का? बाई, मन घट्ट करा. इथं विहिरीत एक..."

टूं...

मावशीनं बटण दाबलं.

"आई... लागला एकदाचा!"

सत्यमचाच आवाज.

"कुठं हायस रे राजा?"

"कवापासून लावून राहिलो. लई अंधार हाय इथं. ठेवू नको, आई."

"न्हाई ठेवत."

"अन् त्या दुसऱ्याकडं जाऊ नको. त्याचं पुरं ऐकलंस तर माझा फोन पुन्हा लागायचा न्हाई."

तास गेला. मावशीचे यजमान, शेषेराव काका, शेतातून धावत आले. हवालदारानं त्यांना मोबाईलवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं...

मावशीनं त्यांच्या तोंडावर हात दाबून धरला.

विहिरीतला देह अकरा दिवसांचा होता. चपलेवरून ओळख पटली. हवालदार नंतर काकांना हळूच म्हणाले, "मला थांबवलं होतं, तरी ऐकू येत होतं. बाई एका पोराशी बोलत होत्या. पोरगं रडत होतं."

'विहिरीत एक...' हे वाक्य मावशीनं आजवर कुणालाच पुरं करू दिलेलं नाही.

पण ते टूं कधी वाजतं? लाईनवर आधी दुसरं कुणी असलं तरच. म्हणून माझी आई रोज चार वाजता नांदेडहून मावशीला फोन लावते. दोन शब्द बोलते. मग टूं... आणि मावशी बटण दाबते.

आई तशीच फोन कानाला लावून बसते. तास, दीड तास. पलीकडचं काहीच ऐकू येत नाही, असं ती सांगते. मग पदर तोंडात धरून का रडते, ते मी कधी विचारलं नाही.

काल आईला दवाखान्यात ॲडमिट केलं. संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"उद्यापासून तू लावशील का गं? काही बोलू नको. नुसता लावून ठेव. माझं लेकरू वाट बघून राहिलंय."

मला नाही म्हणवलं नाही.

आत्ता चारला पाच कमी आहेत.