गोरी, सावळी आणि एक हाडाची पट्टी

एकाच गिटारीच्या मानेवर दोन हात पडले – एक माझा, एक त्याचा.

"मी आधी बघितली," मी म्हणाले.

"मी तर गेल्या आठवड्यापासून बघतोय. रोज येऊन बघून जातो. काकांना विचारा."

दुकानाचे काका शिडीवरूनच म्हणाले, "बघायला पैसे पडत नाहीत ना, म्हणून येतो."

मला हसू आलं. त्यालाही आलं, पण हात काही त्याने काढला नाही. मीही नाही. सायकलींच्या दुकानावरचा तो पोटमाळा, जिन्यात रबराचा वास आणि वर आलं की लाकडाचा. बाहेर भुरभुर लागली होती. त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते आणि हा बाबा ते पुसतच नव्हता! चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, हे नंतर कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

माझी जुनी गिटार प्लायची. कितीही वाजवा, पहिल्या दिवशी वाजली तशीच वाजणार, खोक्यासारखी. या वेळी मी हट्टच धरला होता – तोंड, पाठ, कुशी, सगळं भरीव लाकूड हवं, आणि तरी माझ्या पगारात बसायला हवं. काकांकडे अशा दोनच होत्या. एक फिकट तोंडाची, स्प्रूसच्या लाकडाची, लख्ख आवाजाची, जिच्यावर आमचे हात होते ती. दुसरी नखशिखान्त महोगनीची, तपकिरी, जरा खालच्या आवाजात बोलणारी. आम्ही तिथल्या तिथे बारसं केलं. गोरी आणि सावळी.

"रूपावर जाऊ नका," तो म्हणाला. "भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. मी वाजवतो, तुम्ही नुसतं ऐका."

मी उभी राहिले. मागून एक सूर आला. मग थोडी शांतता, लाकडाला बाही घासल्याचा आवाज... आणि दुसरा सूर.

"ही बरी... की ही?"

दिवसभर लोकांना भिंगं बदलून विचारायचा तोच प्रश्न, त्याच आवाजात. पण माझ्या मानेवर काटा आला.

"परत वाजवा."

"परत?"

"नीट ऐकू नाही आलं."

साफ खोटं होतं ते. मला सगळं ऐकू आलं होतं, त्याचा श्वाससुद्धा.

शेवटी काकाच वैतागले. "दोघं एकेक घ्या आणि महिन्या-महिन्याने अदलाबदल करा. भरीव लाकूड वाजवलं की खुलतं. चार हात लागले तर लवकर खुलेल. पेटीत कोंडून मात्र ठेवू नका."

"मग सावळी तू घे," तो म्हणाला. 'तुम्ही'वरून 'तू'वर तो कधी आला, त्यालाही कळलं नसावं. "तुझ्या आवाजासारखा आवाज आहे तिचा."

झालं. गोरीसाठी आलेली मी सावळी घेऊन घरी गेले.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायकलींच्या दुकानासमोरच्या बाकावर आम्ही भेटायचो. पेट्या बदलायला किती वेळ लागतो? आम्हाला अख्खी संध्याकाळ लागायची. मी दातांच्या कारखान्यात काम करते, कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या घासून उंचीला बसवते. म्हणून मी 'दातवाली', तो 'चष्मेवाला'.

"दातवाली, तुझ्या हातचे दात लावून कुणी चावलं तर?"

"आधी चष्मा पूस, मग चावणारा कोण ते तरी दिसेल."

सावळीच्या तारा जरा उंच होत्या. बोटं सोलून निघायची माझी. एकदा मी पाणावल्या डोळ्यांनी बोटं त्याच्यापुढे धरली, तर त्याने ती हातात घेतली, एकेक दाबून पाहिली आणि म्हणाला, "दुखू दे. घट्टे पडल्याशिवाय गिटार आपली होत नाही. हे बघ... हे अजून मऊ आहे."

त्या एका वाक्यावर मी महिनोन्‌महिने दुखणं सोसलं. आनंदाने सोसलं! डावी बोटं बधिर व्हायला लागली. कामावर दाताची धार त्या बोटांना जाणवेना, तेव्हा सगळं उजव्या हाताने निभावायला शिकले. पण रविवारी तो बोटं दाबून "वा, आता जमलं" म्हणाला, की मला काही गमावल्यासारखं वाटायचंच नाही.

आईच्या नजरेतून मात्र काही सुटत नव्हतं. "गिटारींची अदलाबदल पुरे झाली," ती एकदा भाजी निवडताना म्हणाली. "माणसांचं काय ते ठरवा. तो विचारत नसेल, तर तू विचार. तुझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलंय?"

खरंच, कुणी लावलं होतं? त्या रविवारी मी ठरवूनच गेले. आज विचारायचं.

तो आला, पेटी दिली, बाकावर बसला. जरा जास्तच बोलत होता. मला धीर हवा होता म्हणून मी आधी सावळी मांडीवर घेतली. म्हटलं, एक सूर वाजवू आणि बोलू.

बोट टेकलं आणि तार अलगद खाली गेली. विरोधच नाही. मी नेहमीसारखा जोरात हात मारला, तर तारा करकरल्या. वाकून पाहिलं. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, ती घासून बुटकी केली होती. आयुष्य दात घासण्यात चाललंय माझं. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

"तारा खाली आणल्यास?"

"हां... जराशा. वाजवायला सोपी जाते."

"कुणाला?"

त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"आमच्या दुकानात एक नवीन आलीये ना... तिला शिकवतोय. तिची बोटं फार दुखायची. एक दिवस रडलीच बिचारी. मला बघवेना."

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"माझी नव्हती दुखत?"

"तू... तू खंबीर आहेस गं."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. आवडते ती तुला?"

समोर कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. पुन्हापुन्हा.

"हो," तो म्हणाला. "तुला सांगणारच होतो."

"आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतंस... तेव्हा?"

"तेव्हा तू आवडली होतीस." अगदी हळू बोलला तो. "खोटं नाही सांगत. पण तू काही बोलली नाहीस, मी बोललो नाही... आणि मग ती आली."

कानामागून आली आणि तिखट झाली! मला रडायचं नव्हतं. रडणाऱ्यांसाठी हा हाडं घासतो, हे आता मला कळलं होतं, आणि मला त्याच्याकडून आता काहीच घासून नको होतं.

"मी आज तुला विचारायला आले होते," मी म्हणाले. "उत्तर मिळालं."

त्याचा चेहरा पडला. बराच वेळ तो चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिला. मग गोरीची पेटी माझ्याकडे सरकवत म्हणाला, "तुला आधी गोरीच हवी होती ना? ठेव तू. किंवा सावळी. तू म्हणशील ती. ही... की ही?"

त्याच आवाजात.

"हा प्रश्न मला परत कधी विचारू नकोस," मी म्हणाले, आणि सावळी उचलून निघाले. त्याने हाक मारली की नाही, माहीत नाही. घंटी मात्र वाजत होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून थेट काकांच्या दुकानात गेले. त्यांनी सावळी उजेडात धरली आणि मान हलवली. "घासलेलं हाड परत उंच होत नाही, पोरी. नवीन बसवावं लागेल. पण मी म्हणतो, राहू दे की. बोटांना सुख आहे."

"नको. होती तेवढीच उंच करा."

"दुखेल."

मी डावा हात पुढे केला. त्यांनी बोटांवरून अंगठा फिरवला आणि नव्या हाडासाठी खण उघडला.

नवी पट्टी घासून बसवली, तारा ताणल्या, सूर लावला आणि काकांनी एकदा हात फिरवला. पोटमाळाभर आवाज भरला. मी घेतली तेव्हा ही अशी नव्हती. केवढी खोल, केवढी मोकळी...

"अगं, खुलली की!" काका हरखून म्हणाले. "मी काय म्हणालो होतो? चार हातांची किमया!"

"सहा हातांची, काका."

त्यांना ते कळलं नाही. ते पुन्हा वाजवू लागले. मी वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. काकांना वाटलं, मी आवाज ऐकतेय.