पावणं येणार हायती

प्रसेनजीत पहिल्यांदा आमच्या घरामागच्या परड्यात आला तो गप्पी माशांची पिशवी घेऊन. अठ्ठ्याण्णव साल. कागलजवळच्या आमच्या गावात हिवतापानं माणसं पडत होती, आणि आरोग्य खात्यात नुकताच लागलेला हा तरुण डासांच्या अळ्या खाणारे मासे विहिरीविहिरीत सोडत फिरत होता. मी आमच्या विहिरीच्या पायरीवर आडवी उभी राहिले.

"पावणं, हितं सोडायचं न्हाईत."

त्यानं वर पाहिलं... आणि पाहतच राहिला. मला राग यायला हवा होता. आला नाही, याचाच राग आला.

आमच्या विहिरीत आधीपासून मासे होते. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून आम्ही त्यांना टिकल्या म्हणायचो. त्याही अळ्याच खातात. मी कोल्हापूरला प्राणिशास्त्र शिकत होते. कॉलेजमागच्या डबक्यात गप्पी सोडल्यावर तिथले लहान मासे कसे दिसेनासे झाले, ते पाहिलं होतं. गप्पींचा तरी काय दोष? त्यांना भूक होती आणि पिल्लं भराभरा होत होती. पावसाळ्यात विहीर ओढ्याला मिळते, मग ओढ्यातल्याही टिकल्या जातील, असं मी त्याला सांगितलं. आणि तापानं फणफणलेल्यांचं काय, असं त्यानं विचारलं. दोघांचंही खरं होतं.

शेवटी बादलीत टिकल्या आणि अळ्या एकत्र ठेवल्या. सकाळी अळ्या गायब. त्यानं साहेबांशी वाद घालून आमची विहीर वाचवली, आणि मग ती तपासायला वरचेवर येऊ लागला. इतकी कसून तपासणी जिल्ह्यात कुठल्या विहिरीची झाली नसेल.

गप्पींना आम्ही 'पावणं' म्हणायला लागलो. "साहेबांनी पावणं धाडलं न्हाईत न्हवं?" असं मी विचारायची. तो हसायचा. त्या हसण्यासाठीच मी विचारायची.

मग अव्वानं, म्हणजे आईनं, मला बघायला स्थळ येणार असल्याचं सांगितलं. मी प्रसेनजीतला कसंबसं म्हणाले, "रविवारी पावणं येणार हायती."

वाटलं, आता तरी काही बोलेल... "येऊ देत की, मी बघतो," म्हणत त्यानं सायकलवर टांग मारली. मी रात्रभर रडले.

रविवारी पोह्यांच्या बश्या भरत होते, तोच परड्यात सायकल आदळली. प्रसेनजीत घामाघूम होऊन पायरीवर आडवा उभा होता, अगदी माझ्या जागेवर.

"कुठं हायती पावणं? मी सोडू देणार न्हाई."

"पुढं सोप्यात बसल्यात," मी म्हणाले. "मला बघायला आल्यात."

त्याचा चेहराच उतरला.

"सौंदर्या... मला तू आवडतीस. पर मीबी बाहेरचाच की. तुमच्यात मी आलो म्हंजे—"

जात हा शब्द कोणीच उच्चारला नाही; पण तो आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता.

"बाहेरचा असशील," मी म्हणाले. "पर हितल्या टिकल्या जित्त्या हायत, त्या तुझ्यामुळंच. आणि मलाबी तूच पायजेस."

त्यानं हातपाय धुतले, केस सारखे केले आणि वळसा घालून पुढच्या दारात जाऊन उभा राहिला. उंबऱ्यावर येणाऱ्या कुणालाही म्हणतात तसं अप्पा सवयीनं म्हणाले, "या पावणं, बसा की."

तो बसला. नवऱ्या मुलाच्या अगदी शेजारी.

"काय काम काढलंत?" अप्पांनी विचारलं.

"मीबी बघायलाच आलोय," प्रसेनजीत म्हणाला.

मी आत जाऊन पोह्यांची आणखी एक बशी भरली.