डाळिंबी रेघ

गाडी उकळली ती नेमकी तिच्या दुकानासमोर.

उकळायला मागे सगळा चढ पडला होता, पुढे चौक होता. पण नाही. फिकट हिरव्या रंगाची, गोल डोळ्यांची, कुणाच्या तरी आजोबांच्या तरुणपणी नवी असलेली ती गाडी मीटर दुरुस्तीच्या दुकानासमोर येऊन थांबली आणि बॉनेटच्या फटींतून वाफ सोडू लागली. शेजारच्या लाँड्रीवाल्यानं धावत येऊन दारात टांगलेले पांढरे शर्ट आत नेले.

गाडीतून एक उंच, चष्मा लावलेला तरुण उतरला. बाहीवर खडूची पूड. त्यानं बॉनेट उघडलं, खिशातून रुमाल काढला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नका त्याला."

तो दचकला. दुकानाच्या पायरीवर ती उभी होती… कपाळावर चढवलेलं भिंग, हातात चिमटा.

"आत्ता उघडलंत तर तोंड भाजेल. अर्धा तास थांबा, मग पाणी देते."

"पण मला शाळेत पोचायचंय. मी शिकवतो तिथे."

"भाजलेल्या तोंडानं काय शिकवणार?"

"भूगोल," तो म्हणाला. "ज्वालामुखीचा धडा चाललाय. उदाहरण म्हणून चालेल."

ती हसली नाही. म्हणजे तिनं तसा प्रयत्न तरी केला. मग खिडकीतून आत डोकावून तिनं डॅशबोर्डकडे पाहिलं आणि भिंग डोळ्यांवर ओढलं. दुधी रंगाच्या गोल तबकड्या, हातानं रंगवलेले आकडे, भोवती निकेलची कडी.

"तापमानाचा काटा काय म्हणत होता?"

"तो काही म्हणत नाही. माझ्या जन्माआधीपासून 'थंड'वर आहे."

"आणि पेट्रोलचा?"

"कायम अर्ध्यावर. टाकी रिकामी असली तरी. आशावादी आहे."

"ऑइलचा?"

"त्याचा काटा पडलाय. आत कुठेतरी वाजतो अधूनमधून."

"मग गाडी चालवता कशी? देवावर हवाला ठेवून?"

"वडिलांच्या कानांवर. ते शेजारी बसले की इंजिनाचा आवाज ऐकून सगळं सांगतात. आज मी एकटा होतो."

आता मात्र ती हसली, आणि आत गल्ल्यावर बसलेल्या आत्यानं पावती लिहिता लिहिता मान वर केली. भाची गिऱ्हाइकाशी हसते, हे काही रोजचं नव्हतं.

त्या रस्त्यावर सगळे तिला मीटरवालीच म्हणत. वडिलांच्या मागे दुकान तिनं चालवलं, आत्यानं गल्ला सांभाळला. भलेभले मेकॅनिक इंजिन उघडून बसत, पण मीटरची पाळी आली की हात टेकत आणि गाडी तिच्याकडे धाडत. तिचं म्हणणं एकच असे: गाडी जुनी असो, पोचे पडलेली असो, काट्यानं खोटं बोलता कामा नये.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मास्तर पुन्हा आला. बगलेत खोकं. खोक्यात तीन नवी कोरी मीटरं होती, काळ्या चेहऱ्याची, निळ्या उजेडाची.

"ही बसवून द्याल का? भोकं थोडी मोठी करावी लागतील."

"मी त्या डॅशबोर्डला कानस लावणार नाही," ती म्हणाली. "दुसरं कुणी लावलेलीही मला चालणार नाही."

मास्तरचा चेहरा एकदम उजळला. "माझे वडीलही हेच म्हणतात. नाना म्हणतात, एक जरी नवी चकती दिसली तर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. आणि मीटरं नाही बसवली तर पुढच्या वेळी इंजिनच जाईल. नानांचं आता गाडीवाचून दुसरं काही नाही हो… गुडघ्यानं चालवणं बंद केलंय, पण रविवारी शेजारी बसून फिरायला हवंच. मी मध्ये सापडलोय."

तिनं एक नवं मीटर हातात घेऊन उलटंपालटं केलं. कानाशी नेलं. मग म्हणाली, "चेहरा जुनाच ठेवू. पोट नवं घालू."

त्याला काही कळलं नाही, पण ती म्हणते म्हणजे होणार, एवढं त्याला कळलं.

त्यापुढचे तीन शनिवार गाडी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि मास्तर तिच्याभोवती. नव्या मीटरांचा काळा चेहरा काढून टाकायचा, आतलं यंत्र जुन्या डब्यात बसवायचं, वर जुनी तबकडी, जुना काटा, जुनी काच. यंत्र नवं, त्यामुळे काटा जास्त फिरायचा. तो जुन्या आकड्यांवर नेमका थांबावा म्हणून तिनं किटलीत पाणी उकळत ठेवलं, त्यात इंजिनात बसवायचा तापमानाचा सेन्सर बुडवला आणि थर्मामीटर मास्तरच्या हातात दिला.

"वाचा."

"सत्तर… पंच्याहत्तर… तुम्ही एवढं बारीक काम करताना श्वास घेता का?"

"आकडे वाचा, मास्तर."

"ऐंशी. घेत नाही तुम्ही. मी बघतोय."

निळा दिवा तिनं काढून टाकला. जुन्या तबकडीमागे तो दवाखान्यासारखा दिसायचा. त्याजागी तिनं बारका पिवळा दिवा बसवला. डॅशबोर्डखाली पाठीवर पडून ती वायरी जोडत असताना बॅटरी धरायचं काम त्याच्याकडे होतं.

"उजेड मीटरवर धरा."

"मीटरवरच आहे."

"माझ्या कानावर आहे."

उजेड घाईघाईनं सरकला. अंधारात ती गालातल्या गालात हसली.

सगळं जोडून झालं की तिची एक सवय होती, वडिलांकडून आलेली. मीटरमागचा, वायर धरून ठेवणारा नट घट्ट केला की त्यावरून खालच्या पट्टीवर उतरणारी रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली, तर नट हलला असं समजायचं. वडील त्यासाठी लाल रंग वापरत. ती आत्याची डाळिंबी नेलपॉलिश वापरायची. मास्तर हात धुवायला गेला होता तेव्हा तिनं तिन्ही नटांवर रेघा ओढल्या.

नानांना दाखवायला गाडी बाहेर काढली. नाना म्हणजे बस डेपोतले निवृत्त फिटर, बुटके, जाड भुवयांचे. वाकून त्यांनी एकेक तबकडी बघितली. किल्ली फिरवली. मेलेले काटे एकापाठोपाठ एक जागे झाले. नाना बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हं."

"पसंत पडलं," मास्तर हळूच तिला म्हणाला. "आई गेल्यापासून एवढं कौतुक त्यांनी कशाचंच केलेलं नाही."

गाडी गेली. पुढच्या शनिवारी दुपारी ती तीनदा पायरीवर येऊन उभी राहिली. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी हॉर्न वाजला.

"तापमानाचा काटा पुन्हा मेला हो," मास्तर ओशाळून म्हणाला.

तिनं डॅशबोर्डखाली डोकं घातलं. डाळिंबी रेघ मधोमध तुटलेली होती. हादऱ्यानं नट हलतो तो केसभर. हा दोन पूर्ण वळसे फिरला होता. कुणीतरी पाना लावून, बेतानं. तिनं बोटानं रेघ चाचपली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि कान गरम झाले. एवढा शिकलेला माणूस, आणि यायला कारण हवं म्हणून स्वतःची गाडी बिघडवतो… तिनं नट आवळला, रेघ ओढली आणि बाहेर येऊन म्हणाली, "होतं असं कधी कधी. चहा घेणार?"

आठवड्यानं पेट्रोलचा काटा मेला. तोच प्रकार. त्या दिवशी चहाचे दोन कप झाले, त्यानं तिला नकाशात नदी कशी वाचायची ते दाखवलं, आणि निघताना दारापाशी उगाचच दहा मिनिटं उभा राहिला. ती आठवडाभर गुणगुणत होती.

"माझी बाटली संपत आली त्या गाडीला लावून," आत्या म्हणाली. "लग्नात लावायला ठेवशील का थोडी?"

"कुणाच्या?"

"मी कुठे कुणाचं नाव घेतलं?"

तिसऱ्या वेळी ऑइलचा काटा मेला, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. डॅशबोर्डखालून डोकं काढून तिनं विचारलं, "मास्तर, हे किती दिवस चालणार?"

"काय?"

"नट सैल करणं. हे बघा, ही रेघ तुटलीये. तिन्ही वेळा तुटली. अहो, यायचंच असेल तर सरळ यावं माणसानं. बिचाऱ्या गाडीला कशाला त्रास?"

हे ती हसत म्हणाली. तोही हसेल, लाजेल, काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. पण त्यानं वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं.

"मी… मी नाही हो केलं. खरंच. तो नट कुठे असतो हेही मला माहीत नाही."

काटा खरा बोलतोय की खोटा, हे ओळखण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. हा माणूस खरं बोलत होता. म्हणजे तीन आठवडे ती ज्यावर हुरळली होती ते काही नव्हतंच, आणि ते तिनं आपल्या तोंडानं त्याला सांगून टाकलं होतं. धरणी पोटात घेईल तर बरं असं तिला झालं.

"मग हादऱ्यानं झालं असेल," ती म्हणाली. एखाद्या नटाबद्दल ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती.

"थांबा, म्हणजे तुम्हाला असं वाटलं की मी—"

"मला काही वाटलं नाही. गाडी झालीये. या आता."

तो किल्ली हातात घेऊन क्षणभर घुटमळला. मग गेला. आत्यानं सगळं ऐकलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "बाटली बाहेर राहू दे की आत ठेवू?"

"आत ठेव."

तो आठवडा वाईट गेला. एका स्कूटरच्या मीटरला तिनं काटा उलटा बसवला. शनिवारी दुकान बंद ठेवावं असंही मनात येऊन गेलं, पण मग उघडलं. दुपारी दोनला हॉर्न वाजला, तेव्हा ती चिमटा ठेवून दारात आली.

नाना गाडीत शेजारच्या सीटवर बसून समोर बघत होते, फारच निष्पापपणे. मास्तर पायरीशी आला. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या बांधलेल्या.

"पेट्रोलचा काटा मेलाय," तो म्हणाला. "तुम्ही बघाल का? एकदाच."

ती डॅशबोर्डखाली शिरली. रेघ तुटली होतीच, पण नटाचे सगळे कोपरे झिजून गोल झाले होते. पट्टीवर ओरखडे, वायर ओढली गेलेली. पाना नाही, पकड नाही. हाताला लागेल ते घेऊन कुणीतरी झटापट केली होती. ती बाहेर आली.

"हे कुणी केलं?"

"मी," मास्तर म्हणाला. "सव्वा तास लागला."

"आणि आधीचे तीन?"

मास्तरनं नानांकडे पाहिलं.

"ते माझे," नाना म्हणाले. "तीस वर्षं फिटर होतो मी. असं धसमुसळं काम माझ्या हातून व्हायचं नाही."

ती नानांकडे वळली. नानांनी बोलणं चालू ठेवलं.

"हा इथून शनिवारी घरी आला की जेवताना शिट्टी वाजवायचा. मीटरं नीट झाली आणि शिट्टी बंद. नुसता वह्या तपासत बसायचा. म्हटलं, गाडीच बिघडवावी."

"अहो, मग त्यांना सांगायचं ना, जा म्हणून."

"ह्याला? हा बसमध्ये चढताना आधी सगळ्या रांगेला चढवतो. ह्याच्या भरवशावर राहिलो असतो तर तुमचं दुकान नातवंडं चालवायला लागली असती, आणि तीही दुसऱ्याची."

आतून आत्याचं मोठ्यानं हसू ऐकू आलं. "नाना, तुम्ही आत येऊन बसा बरं. त्यांना गाडी बघू द्या." नाना गुडघा सांभाळत उतरले आणि आत गेले.

मास्तर बोटांवरच्या पट्टीशी चाळा करत राहिला. "तुम्ही म्हणालात, यायचंच असेल तर सरळ यावं. बरोबर आहे. पण मला वाटलं, तुम्ही ज्या गुन्ह्याचा आळ माझ्यावर घेतलात तो आधी एकदा तरी करावा… करायला हवा होता. पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता. सुचलंच नाही मला. तुम्ही मला फार आवडता. हे मी घरून पाठ करून आलो होतो, पुढचं विसरलो."

"पुढे काय होतं?"

"नोकरी पक्की आहे, असं काहीतरी."

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभराची शरम कुठल्या कुठे गेली. "मलाही आवडता तुम्ही," ती म्हणाली. "नाहीतर दुसऱ्याच वेळी, नट हलूच नये म्हणून त्याखाली दुहेरी चकती घालून प्रश्न मिटवला असता."

तिनं नवा नट आणला आणि पुन्हा डॅशबोर्डखाली शिरली. तो बॅटरी घेऊन वाकला.

"उजेड कुठे आहे?"

"तुमच्या कानावर."

"राहू दे तिथेच."

नट तिनं चाचपडतच आवळला. बाहेर आली तेव्हा आत्या नेलपॉलिशची बाटली घेऊन पायरीवर उभी होती, मागे नाना. तिनं बाटलीकडे पाहून मान हलवली. आता कसली खूण आणि कसली रेघ.

"पुढच्या शनिवारी या," ती मास्तरला म्हणाली.

"काय बिघडवून आणू?"

"काही नाही. सगळे काटे चालू असताना या."

नाना गाडीत जाऊन बसले, वाकून त्यांनी पेट्रोलचा काटा बघितला. मग काचेतून त्या दोघांकडे बराच वेळ बघितलं.

"हं," ते म्हणाले.