चिंगीच्या मनगटाची गाठ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातलं एकही अक्षर पदरचं नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत हे घडलं. मंगळवार, दुपारचे साडेतीन, बाहेर लख्ख ऊन.

सात महिन्यांच्या चिंगीला कडेवर घेऊन ताई एक जुनं प्रोटेस्टंट चर्च बघायला गेली होती. आत पाऊल टाकलं आणि हरखलीच. मूर्ती नाही, चित्र नाही, रंगीत काच नाही. चुन्याच्या पांढऱ्या भिंती आणि साधे लाकडी बाक. डोळे निवले तिचे.

शेवटचा बाक तेवढा वेगळा होता. पाय डोलखुर्चीसारखे खालून वळवलेले, त्यामुळे डुलणारा, आणि अर्ध्या भागाला कठडा. पूर्वी आया बाळाला त्या कठड्यात निजवायच्या, त्याचं मनगट फितीने बाकाला बांधायच्या आणि डुलत प्रवचन ऐकायच्या... दारातल्या रखवालदारकाकांनी सांगितलं.

चिंगी पेंगत होतीच. ताईने तिला तिथे निजवलं आणि समोरचं व्यासपीठ बघायला चार पावलं पुढे गेली.

मागे काहीतरी करकरलं...

कुर्र... कुर्र...

ताई वळली. बाक डुलत होता.

चिंगी गाढ झोपलेली. आणि तिच्या मनगटाला... पिवळी पडलेली फीत.

दोन फासे, टोक आत खोचलेलं.

ताईने काकांना धारेवर धरलं. ते म्हणे पायरीवरून हललेच नव्हते.

"त्या फिती कधीच जाळल्या, बाई," ते म्हणाले. त्यांचाच चेहरा उतरला होता.

थापा मारतोय म्हातारा, असं ताईला वाटलं. फीत सोडून तिथेच टाकली आणि तडक घरी आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिंगी पाळण्यात झोपली होती. टोपीचा बंद तिच्या मनगटाला, दुसरं टोक पाळण्याला...

दोन फासे. टोक आत.

आधी भावजींवर संशय. पण त्यांना बुटाची नाडी धड बांधता येत नाही. मग सासूबाईंवर. त्यांची बोटं तर संधिवाताने वाकलेली. तरी ताई आठवडाभर दोघांवर डोळा ठेवून होती.

मग एके दुपारी घरात ती आणि चिंगी, दोघीच. दाराला आतून कडी. ताई दोन मिनिटं गॅलरीत कपडे वाळत घालून आली...

पुन्हा तीच गाठ. पण या वेळी बंदाचं दुसरं टोक पाळण्याला नव्हतं.

शेजारच्या खुर्चीच्या हाताला होतं. ताई जिथे बसून दूध पाजते, ती खुर्ची.

तिने बैठकीवर हात ठेवला.

उबदार होती.

आता चिंगी झोपली की ताई खाली जमिनीवर बसते, त्या रिकाम्या खुर्चीशेजारून उठत नाही. जेवणही तिथेच. काल न राहवून मी म्हटलं, ताई, देऊन टाक ना ती खुर्ची कुणाला तरी.

 पाळण्याकडे बघत ती अगदी हळू म्हणाली,

"आणि मग ती गाठ बांधणारी बसेल कुठे गं? पाळण्यातच ना?"