दुभाष्याचा स्वार्थ

"हात जरा पसरा," असं खुणेनंच सांगत तिनं वाटेनं जाणाऱ्या एका उंच माणसाला आपल्या गाळ्यात ओढलं. जॅकेट घालून उभा करायचा पुतळा प्रवासातच मोडला होता आणि प्रदर्शन तर सुरूही झालं होतं. बाबांचा युनिफॉर्मचा कारखाना पहिल्यांदाच परदेशात पाऊल टाकत होता. घरची जुनी गिऱ्हाइकं कमी झाली होती, अर्ध्या मशिनी गप्प होत्या. रिकाम्या हातानं परतून चालणार नव्हतं.

तिनं त्याच्या अंगावर बसचालकाचं जॅकेट चढवलं, बटणं लावली आणि स्वतःशीच पुटपुटली, "खांदे झकास आहेत. पोट मात्र जरा आत घ्यायला हवं."

"घेतलंय," तो तिच्याच भाषेत म्हणाला. "याहून आत जात नाही."

तिच्या हातातली टेप खालीच पडली. आयोजकांनी पाठवलेला दुभाषा तो हाच! वडील इथले आणि आई तिच्या मुलखातली.

"आधी सांगायचं नाही का?"

"खांद्यांचं कौतुक चाललं होतं... मध्येच कसं तोडायचं?"

दुपारी बस कंपनीच्या खरेदी अधिकारी आल्या. करड्या केसांच्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी दुभाष्याला जॅकेटसकट खुर्चीवर बसवलं आणि हवेतच स्टिअरिंग फिरवायला लावलं. पाठ ताणली, कॉलर मानेवर चढली. बाई काहीतरी तुटक बोलल्या.

"गोड करून सांगू, की जसंच्या तसं?" त्यानं विचारलं.

"जसंच्या तसं."

"हे उभ्या माणसाचं जॅकेट आहे. आमचे चालक दिवसभर बसलेले असतात."

तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "त्यांना म्हणावं, परवा पुन्हा बघा."

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं शहरभर फिरली. चालकाच्या मागच्याच सीटवर बसून ती त्याचे खांदे कसे वळतात, हात कुठवर जातो, ते टक लावून बघत होती.

"तुम्ही सारखं त्यांच्याकडेच बघताय," दुभाषा म्हणाला. "मला हेवा वाटायला लागलाय."

"मी त्यांची पाठ बघतेय."

"पाठ मलाही आहे."

ती खुदकन हसली. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता, काचा धुरकटल्या होत्या. बस वळली, तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला... वळण संपलं, तरी दोघंही सरळ झाली नाहीत.

शिवणयंत्र त्याच्या आईकडे होतं. तिथं बसून हिनं जॅकेटच्या पाठीला दोन चुण्या घातल्या, बाह्यांखाली कापडाचा तुकडा जोडून जागा वाढवली. बऱ्याच दिवसांनी आपल्या भाषेत बोलायला मिळाल्यानं आईची गाडी थांबतच नव्हती. मध्येच मुलाकडे बघून ती म्हणाली, "आज एवढा गप्प का रे? ताप आहे का?"

तो लाल झाला. हिनं मान आणखी खाली घालून टाके घातले.

ठरल्या दिवशी कंपनीच्या आगारात एका जाडजूड चालकानं ते जॅकेट घातलं, स्टिअरिंग पार फिरवलं आणि पुन्हा फिरवलं. कॉलर जागची हलली नाही. तो काही केल्या जॅकेट काढेना, तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी एक लांबलचक प्रश्न विचारला.

दुभाषा बुटांच्या टोकांकडे बघू लागला.

"काय म्हणतायत?"

"ऑर्डर द्यायला तयार आहेत. पण मापं घ्यायला, दुरुस्तीला तुमचं माणूस इथं हवं. निदान वर्षभर. तुम्ही राहाल का, असं..." तो अडखळला. "हे मला नीट विचारता येणार नाही. दुभाष्याचा स्वतःचा स्वार्थ नसावा लागतो. माझा आहे."

तिनं मनाशी हिशेब मांडला. कारखाना बाबा आणि धाकटी बहीण बघतील. पण हे...

"केवढा आहे?" तिनं हळूच विचारलं.

"वर्षभरात मावणार नाही... एवढा."

बाई एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. एवढ्याशा प्रश्नाला इतका वेळ का, असं त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं.

"हो," ती म्हणाली.

"म्हणजे... कुणाला?"

"दोघांनाही," ती म्हणाली. "पण त्यांना एकच सांगा."