एका रबराच्या तीन फेऱ्या

"स्टार मोजून झाले असतील, तर जरा सरकता का?"

ती दचकून बाजूला झाली. दुकानातल्या सर्वांत मोठ्या फ्रिजसमोर आपण किती वेळ उभ्या आहोत, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. मागे दुकानाचा मेकॅनिक उभा होता. हातात स्क्रू ड्रायव्हर, डोळ्यांत हसू.

"घरी माणसं किती?"

"तीन." मग तिने स्वतःलाच दुरुस्त केलं. "नाही… दोन. मी आणि बाबा. आई दोन महिन्यांपूर्वी गेली."

तो हळहळला नाही. फक्त आवाज खाली आणून म्हणाला, "मग हा नको. स्टार त्या त्या मापापुरते असतात. पाच स्टारचा मोठा फ्रिज तीन स्टारच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. खाली वर्षाचे युनिट लिहिलेत, ते बघा."

"तुम्ही दुकानदाराच्या बाजूचे की माझ्या?"

"पगार तर दुकानदार देतो…"

कित्येक दिवसांनी तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या घरचा जुना फ्रिज दुरुस्त होतो का ते बघायला आला. फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून त्याने दार लावलं, पट्टी ओढली. ती अलगद निघून आली. "दाराच्या कडेचं रबर गेलंय. गारवा टिकत नाही, म्हणून मशीन क्षणभर थांबत नाही. दमलंय बिचारं."

"मीपण," ती बोलून गेली. ऑफिस, बाबांची औषधं, रोज सकाळी फ्रिजखालचं पाणी पुसणं…

त्याने वर पाहिलं. तिने नजर वळवली.

"रबर बदला फक्त. आईनं घेतलेला फ्रिज आहे. जाऊ देणार नाही मी."

त्याच दिवशी रबर बदललं. पुढच्या आठवड्यात तो तपासायला आला. त्याच्या पुढच्याही. वर्तमानपत्राआडून बाबा म्हणाले, "एका रबराला तीन फेऱ्या! दुकानाचा भारीच जीव आहे हो आपल्या फ्रिजवर."

तिचे कान तापले. तो मात्र गंभीर झाला.

"रबराने काही फरक पडलेला नाही. मशीनच संपलंय. अजून येत राहायला आवडेल मला… पण मग तुमच्याशी खोटं बोलावं लागेल."

तिने फ्रिजच्या दारावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "लहान मापाचा आणा. कमी युनिटवाला."

शनिवारी जुना फ्रिज गेला. खाली फरशीचा एक चौकोन उरला, बाकीच्या फरशीहून उजळ. तो तिने स्वतः पुसला. खूप वेळ पुसला. मेकॅनिक नव्या फ्रिजला धरून थांबला होता. तिने बादली उचलल्यावरच त्याने फ्रिज जागेवर सरकवला.

"आता चार तास चालू करायचा नाही. गाडीत हललेलं तेल खाली बसू द्यायचं."

"परवा शेजारच्या काकूंचा नवा फ्रिज बसवलात, तेव्हा तर दोनच तास सांगितलेत?"

तो वायरीशी चाळा करत राहिला. "त्यांच्याकडे… मला थांबायचं नव्हतं."

तिने एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली. दुसरीवर स्वतः अंग टाकलं आणि डोळे मिटले.

"मग सहा म्हणा," ती हळूच म्हणाली. "मला जरा बसायचंय."