हलायचं नाही

"खाली कुणी आहे का?" वरून आवाज आला.

लीटा घळीच्या तळाशी एकटीच होती. पाहुण्यांच्या हंगामाआधी वाट तपासून ठेवायची, हिवाळ्यातल्या पाण्याच्या लोंढ्यांनी कुठे काय बदललं ते पाहायचं, हे दर वर्षी तिचंच काम. तिने मान वर केली. दोन तांबड्या भिंतींमध्ये आभाळाची एक करडी पट्टी, आणि त्या पट्टीला आडवे आलेले दोन बूट.

"आहे की," ती म्हणाली. "दोर कुठाय तुमचा?"

"वर अडकला. ओढला, पण येईना... आणि आता मला वरही जाता येत नाही."

"एकटेच आलात?"

"हो."

"शाबास."

तिने टाचा वाळूत रुतवल्या आणि दोन्ही हात वर केले. "पाठ भिंतीला लावा आणि घसरत या. मी धरते."

"तुम्ही? तुम्ही तर एवढ्याशा आहात!"

"मग बसा तिथेच. पाऊस येतोय. पाणी उतरवेल तुम्हाला."

तो आला. आला म्हणजे पडलाच. दोघंही वाळूत कोलमडली, त्याचं कोपर तिच्या ओठावर बसलं आणि रक्त आलं. तो धडपडत उठला, माफी मागायची विसरून तिच्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही हलला नाहीत," तो म्हणाला.

"हलायचं नसतं," ओठ पुसत लीटा म्हणाली. आणि का कोण जाणे, तिचा चेहरा एकदम मिटला.

त्याचं नाव थेन. वायोमिंगमध्ये पवनचक्क्यांवर चढून दुरुस्त्या करायचा. बहिणीकडे निघालेला माणूस पेट्रोल भरायला या गावात, एस्कलांटीत, थांबला, तो थांबलाच. लीटाच्या लरू मावशीला पाहुण्यांना घळींतून नेण्यासाठी वाटाड्या हवाच होता.

"उंचीची भीती?" मावशीने विचारलं.

"नाही."

"अक्कल?"

"थोडी कमी आहे," लीटा मधेच म्हणाली. "पण उंच आहे."

या घळींमध्ये खिळा ठोकायला मनाई. जाताना मागे काही ठेवायचं नाही, दोराचा तुकडासुद्धा नाही. म्हणून वाटाड्या वर खडकाला पाय लावून बसतो, त्याच्या वजनावर पाहुणे दोराने उतरतात. मग राहतो शेवटचा. त्याचा दोर धरायला वर कुणी नसतं. तो भिंतीला पाठ घासत येतो आणि खालचा माणूस त्याला झेलतो.

घळ ज्याला जास्त ठाऊक, त्याने शेवटचं राहावं अशी रीत. लीटा मात्र नेहमी पहिली उतरायची आणि थेनला शेवटचा ठेवायची. गावात सगळ्यांना कारण माहीत होतं, म्हणून कुणी ते बोलत नव्हतं.

"पडताना निदान ओरडत जा," ती त्याला म्हणायची.

"ओरडलो तर तू हलशील."

"मी हलत नाही."

"म्हणून तर येतो," तो म्हणायचा. त्याला झेलल्यावर तिचे हात त्याच्या पाठीवर गरजेपेक्षा क्षणभर जास्त राहायचे... मग ती दोर गुंडाळायला लागायची. दोर चांगला गुंडाळलेला असला तरी.

कारण त्याला मावशीनेच सांगितलं, बटाटे सोलता सोलता.

"डॅलनशी लग्न ठरलं होतं तिचं. तो खाली उभा होता. ही वरून निसटली आणि तो बाजूला झाला. मुद्दाम नव्हे रे. अंगावर काही येताना दिसलं की माणूस सरकतोच. घोटा बरा झाला पोरीचा." मावशीने सुरी पुसली. "घोटाच तेवढा."

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी दोघं गाडीच्या मागच्या फळीवर बसली होती. ढग डोंगरावर उतरले होते.

"वायोमिंगहून कामाचं बोलावणं आलंय," थेन म्हणाला. "हंगाम संपला की जायला हवं. पण तू... तू 'राहा' म्हणालीस तर राहतो."

लीटाने हातातल्या दोराची गाठ सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली. शब्द एवढासा होता, पण तो म्हणताना पायांखालचं सगळं सुटणार होतं.

"बरं," थोड्या वेळाने थेन म्हणाला. गाडी चालू करताना त्याने रोजच्यासारखी तिची थट्टा केली नाही.

हंगामातली शेवटची सफर ओहायोच्या एका जोडप्याची होती, हार्लन आणि बर्नडीन. दोघंही साठीपुढची. हवा कुंद होती आणि घळीत भिजलेल्या दगडाचा वास कोंडला होता.

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," दोरावर लोंबकळत बर्नडीन म्हणाली. "यानं मला एकदाच सावरलंय. तेही माझ्या हातात केक होता म्हणून."

"चांगला केक होता तो," हार्लन म्हणाला.

शेवटच्या टप्प्यापाशी लीटा वाकली आणि तशीच थबकली. मागच्या आठवड्यातल्या लोंढ्याने तळाची वाळू ओरबाडून नेली होती. तळ पुरुषभर खोल गेला होता आणि वाळूखालचे दगड दातांसारखे वर आले होते. चवड्यांवर उभी राहिली असती तरी तिचे हात आता कुणाला पोचणार नव्हते. थेनचे पोचले असते, तेही जेमतेम.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्यालाही दिसलं होतं.

"मी आधी उतरतो," तो हळूच म्हणाला.

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पाय रोवून तिने एकेकाला उतरवलं, आधी थेन, मग पाहुणे. थेनने त्यांना वळणापलीकडे बसवलं. लीटाने दोर खाली टाकला. आता वर ती एकटी उरली, आणि वारा.

"लीटा."

"हं."

"मी आहे इथे."

"तोही होता."

ती हे त्याच्याजवळ पहिल्यांदाच बोलत होती.

"ठाऊक आहे," खालून थेन म्हणाला. "मी वचनबिचन देत नाही. अंग काय करेल ते मलाही आधी कळणार नाही. दोघांनाही एकदमच कळेल."

दुसऱ्या कुणी धीर दिला असता तर ती वरच बसून राहिली असती. या बोलण्यावर मात्र तिने पाठ भिंतीला लावली.

भिंत ओलसर होती. अर्ध्यावर आल्यावर जुना घोटा दुमडला आणि ती सुटली. तिला फक्त त्याचे वर आलेले दोन हात दिसले. मग धक्का, आणि काहीतरी मोडल्याचा कोरडा आवाज. मोडलं ते तिचं काही नव्हतं. ती त्याच्या छातीवर होती, आणि त्याचा खांदा मागच्या दगडावर आपटला होता.

"हलला का नाहीस?" ती ओरडत होती, रडत होती. "मागे दगड होते! सरकायचं ना, मूर्खा!"

"ओरडू नकोस," पांढऱ्याफटक ओठांनी तो म्हणाला. "पाहुणे धावत येतील."

"हार्लन, बघ!" वळणावरून बर्नडीनचा आवाज आला. "याला म्हणतात झेलणं!"

दवाखान्यात लीटा रोज गेली, पण तो शब्द तिने उच्चारला नाही. ज्याला कुठे जाताच येत नाही त्याला 'राहा' म्हणायचं, हे काही म्हणणं नव्हे. थेननेही पुन्हा विचारलं नाही. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. पवनचक्क्यांवर चढणं संपलं. कंपनीने त्याला एका खोलीत पडद्यावरचे आकडे बघत बसण्याचं काम देऊ केलं. त्याने ते घेतलं.

निघायच्या सकाळी चिखल मिसळलेलं बर्फ सगळीकडे साचलं होतं. मावशीने बटाट्याचा डबा दिला आणि नाक ओढत आत निघून गेली. गाडी चालू होती. लीटा मागे चढून सामानावरची ताडपत्री आवळत होती, जी आधीच घट्ट होती.

"येतो मग," थेन म्हणाला.

ती फळीच्या कडेला येऊन उभी राहिली. "इकडे ये. खाली उभा राहा."

"लीटा, हा हात वर जात नाही."

"माहीत आहे."

"पडू दोघंही."

"पडू." तिचा श्वास धुरासारखा बाहेर येत होता. "थेन... राहा."

तो येऊन फळीखाली उभा राहिला.

"तेव्हा म्हणायला हवं होतं. दवाखान्यात मुद्दाम म्हटलं नाही. आता तू जाऊ शकतोस, म्हणून म्हणतेय. राहा."

"इथे राहून करू काय मी? घळीत माझा काय उपयोग आता?"

"मला माहीत नाही," लीटा म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

त्याने खाली बर्फाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि जुळलेला हात जेवढा वर जात होता तेवढा वर केला.

तिने फळीवरून पाय उचलला. एका हाताने जेवढं झेलता येतं तेवढं त्याने झेललं, आणि दोघंही पाठीवर बर्फात कोसळली. वर गढूळ आभाळ होतं, बाजूला गाडी घरघरत होती.

"इंजिन बंद करू?" थेनने विचारलं.

"कर," ती म्हणाली.

पण उठायला दोघांपैकी कुणीच हललं नाही.